अण्णांची भरलेली रायफल

सुदाम बारी फटाक्यांना भ्यायचा, ही गोष्ट अख्ख्या नरपडला ठाऊक होती. दिवाळीत हा गृहस्थ कानात कापूस घालून फराळ करायचा, त्यामुळे बायको काय म्हणते ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि बायको संगिता म्हणायची की हे कापसाचं नाटक मुद्दाम आहे. डहाणूच्या एका हायस्कुलात तो हेडक्लार्क होता. तिथंही टोपणाचं पेन वापरायचा. बटणाचं पेन शेजाऱ्यानं टक् करून उघडलं की याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. का यायचा, ते त्यालाही सांगता येत नसे. माणसाला पालीची भीती वाटते, झुरळाची वाटते, याला पेनाची वाटायची. असते एकेकाची तऱ्हा.

आणि अशा माणसाच्या वाट्याला बापाची रायफल आली!

त्याचे वडील, म्हणजे अण्णा, गेल्या शिमग्यात वारले. चिकूची बाग, एक कौलारू घर, म्हातारी आई आणि ओटीच्या भिंतीवर दोन खुंट्यांना आडवी टांगलेली तीनशे पंधरा बोअरची रायफल एवढं मागे ठेवून गेले. रायफल बागेत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती. तिनं एकही डुक्कर मारलं नव्हतं. अण्णा खांद्याला लावून निघायचे, वाटेत कोणीतरी भेटायचं, बाकड्यावर गप्पा रंगायच्या आणि तोवर डुक्कर जेवून घरी जायचं. पण रायफलीचा दरारा असा की बागेतल्या चिकूला कोणी हात लावत नसे. "भरलेली आहे हं!" एवढंच अण्णा म्हणायचे. पुढचं समोरचा समजून घ्यायचा.

दसऱ्याला मात्र तिची पूजा व्हायची ती बघण्यासारखी. पाटावर मधोमध रायफल, बाजूला कोयता, विळी, खुरपं, आणि रायफलीला अगदी खेटून आईची नाडी घालायची सळई! ही सळई म्हणजे जिजाआईचा जीव की प्राण. लेंग्यात, परकरात नाडी ओवायला तिच्यासारखी सळई पंचक्रोशीत नाही असं बायका म्हणत. कोणे एके काळी भाऊबीजेला तुक्यामामानं ती बहिणीला ओवाळणीत घातली होती. लोक साडी घालतात, पैसे घालतात, या भावानं लोखंडाची सळई घातली म्हणून आळीनं त्याची यथेच्छ टिंगल केली. जिजाआई नुसती हसायची. आणि अण्णा, जे एरवी बायकोच्या कुठल्याच वस्तूकडे ढुंकून बघायचे नाहीत, ते दसऱ्याला स्वतः उठून ती सळई मागून आणायचे, रायफलीशेजारी ठेवायचे आणि तिला आधी हळदकुंकू वाहायचे. म्हाताऱ्याची लहर, म्हणून सगळे सोडून देत.

तर साल दोन हजार चौदा. पालघर जिल्हा नवाकोरा, जेमतेम बारसं झालेला. विधानसभेची निवडणूक लागली, आचारसंहिता आली आणि तिच्या पाठोपाठ हवालदार दुमाडा सुदामच्या ओटीवर आले.

"बारीभाऊ, रायफल जमा करायची. घटस्थापनेच्या आत."

"जमा? पण अण्णांच्या वेळी तर..." सुदाम म्हणाला. अण्णांच्या वेळी जुने फौजदार घरी येत, चहा पीत, रायफलीच्या गळ्यात सुतळी बांधून लाखेचा ठसा मारत आणि जमा झाली असं समजत. रायफल खुंटीवरून हलतसुद्धा नसे.

"ते दिवस गेले. नवीन साहेब कडक आहेत. रिकामी करून, पुसून, चौकीवर आणायची. नाही आणली तर गुन्हा. तुम्ही तर शाळेत नोकरीला. गुन्हा लागला की निलंबन आलंच." दुमाडांनी हे इतक्या गोडीनं सांगितलं की जणू लग्नाचं आमंत्रण देत होते. "रिकामी आहे ना?"

सुदामनं आईकडे पाहिलं. जिजाआई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा तर म्हणायचे, भरलेली आहे," सुदाम म्हणाला.

दुमाडा बसल्या जागेवरून एकदम उठले आणि नळीच्या रेषेतून बाजूला झाले. खटका, म्हणजे काडतूस आत ढकलणारा वरचा दांडा, मागं ओढून बघायला त्यांनी सुदामलाच सांगितलं. सुदामनं डोळे मिटून, तोंड फिरवून, दोन बोटांनी खटका ओढला. हलेना. गंजून दगड झालेला. म्हणजे आत काय आहे ते कळायला मार्ग नाही, आणि काढायलाही नाही. दुमाडा म्हणाले, अशी मी हातात घेणार नाही. सुदाम म्हणाला, मग न्यायची कशी? दुमाडा म्हणाले, ते तुम्ही बघा, मला बायकापोरं आहेत.

ही बातमी आळीत पसरायला हवालदाराच्या मोटरसायकलचा धूर विरेपर्यंतचाच वेळ लागला. पहिला आला शेजारचा चिमणभाई. हा मूळचा पलीकडच्या गुजरातेतला, चिकूचा व्यापारी. त्यानं ओटीवर उभं राहून एक डोळा मिटला, नळीच्या तोंडापासून सरळ रेषेत हवेत बोट फिरवत नेलं, आणि ते बोट त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाऊन थांबलं.

"सुदामभाय!" त्याचा आवाजच बसला. "इतकी वरसं माझी बायडी त्या नळीसमोर भाकरी थापते, अने तुम्ही आज सांगता?"

अरे देवा! खरंच की. सुदामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घाईघाईनं रायफल उलटी टांगली. आता ती देवघराकडे. संगितानं कपाळावर हात मारून घेतला. मग कोणीतरी म्हणालं, समुद्राकडे करा, तिकडे कोण आहे? तर कोळीवाड्यातून माणूस आला, की आमच्या होड्या काय तुमच्या निशाण्याला बांधल्यात का? मग सगळ्यांचं मत पडलं, की आभाळाकडे तोंड करून उभी ठेवा. पण उभी ठेवली तर घसरणार. शेवटी जिजाआईनं तोडगा काढला आणि रायफल नळी खाली करून तांदळाच्या कणगीत खुपसली. त्या दिवसापासून बारींच्या घरी भात शिजेना. तांदूळ काढायला हात घालणार कोण?

सल्ले तर विचारू नका. एक म्हणाला खोबरेल तेल सोडा, दुसरा म्हणाला रॉकेल. शाळेतला विज्ञानाचा शिक्षक म्हणाला, आतली दारू एव्हाना निकामी झाली असेल, आणि दोन मिनिटांनी म्हणाला, किंवा जास्त भडक झाली असेल, काही सांगता येत नाही. ज्याला ज्ञान आहे त्यानं एकाच बाजूनं बोलावं, अशी सुदामची किमान अपेक्षा होती.

मग कचेऱ्या. पोलिसांचा हत्यारं जाणणारा माणूस जुन्या जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला बसतो असं कळलं. सुदामनं ठाण्याला फोन लावला. तिकडून विचारलं, कुठून बोलता? डहाणू. मग तुम्ही आमच्यात नाही, तुमचा जिल्हा आता पालघर. पालघरला फोन लावला. तिकडचा माणूस मोठ्या उत्साहात म्हणाला, हो हो, आपल्याकडे तो विभाग होणार आहे! कधी? टेबलं आली की. सुदामला तर वाटलं, आपण कुठल्याच जिल्ह्यात नाही, आपण आणि ती रायफल मधल्या मध्ये लटकतोय.

"उधव्याला सुभेदार शुक्रा भोये आहेत," दुमाडांनीच शेवटी नाव सुचवलं. "फौजेतून निवृत्त झालेत. तीस वर्षं हेच केलं. साहेबांची त्यांना मुभा आहे. त्यांना आणा."

सुदामनं रजा टाकली, एस्टीनं तलासरी गाठली, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून उधवा. सुभेदार आपल्या वडापावच्या टपरीत, मिशांना पीळ भरून, खुर्चीवर असे बसले होते की जणू सरहद्द टपरीच्या मागूनच जाते. सगळं ऐकून ते म्हणाले, "येतो. पण आधी लेक्चर. समजून न घेता हत्याराला हात लावायचा नाही, हा माझा नियम."

"माझी आत्ताची जीप..."

"बसा!"

सुदाम बसला. सुभेदारांनी काडतुसाच्या जागी एक काडेपेटी आणि रायफलीच्या जागी, दुर्दैवानं, बटणाचं पेन घेतलं.

"काडतूस म्हणजे काय? लोक म्हणतात गोळी. चूक! गोळी फक्त पुढचं टोक. मागं पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एक बारीक टोपी. त्या टोपीत काडीच्या गुलासारखा मसाला. टोपीला टोचा बसला की ठिणगी, ठिणगीनं दारू पेटते, दारूचा गॅस होतो, गॅसला बाहेर पडायला एकच वाट, ती म्हणजे गोळीला ढकलून. कळलं?"

"कळलं," सुदाम म्हणाला. त्याचं लक्ष पेनाकडे होतं.

"आता टोचा मारतो कोण? हे बघा. खटक्याच्या पोटात स्प्रिंग. स्प्रिंगमध्ये एक लांब पिन. फायरिंग पिन! खटका लावला की स्प्रिंग दबून बसते, चाप तिला अडवून धरतो. चाप ओढला की..."

टक्!

सुदाम बाकड्यावरून वीतभर उडाला. सुभेदार प्रसन्न झाले. म्हणाले, "शाब्बास, तुम्हाला विषय कळला."

दुसऱ्या दिवशी सुभेदार नरपडला हजर झाले. सगळी आळी अंतर राखून जमली होती. दुमाडाही वही घेऊन आले होते. चिमणभाईनं बायकोला माहेरी धाडलं होतं आणि स्वतः डोक्यावर पातेलं घालून कुंपणाशी उभा होता. सुभेदारांनी रायफल कणगीतून काढली, वाळूच्या पोत्यांकडे नळी केली, सांध्यात रॉकेल सोडलं आणि लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकत बसले. प्रत्येक ठोक्याला सुदाम मनातल्या मनात एकेका देवाला नारळ बोलत होता. कुळदैवत झालं, गावदेवी झाली, मारुती झाला. मग देव संपले.

कर्र कर्र करत खटका मागं आला आणि आतून एक हिरवं पडलेलं काडतूस टुणकन उडून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं.

त्यासरशी सगळे आडवे! सर्वांत आधी आडवे झाले सुभेदार. चिमणभाईचं पातेलं गडगडत गटारात गेलं. उभी राहिली ती एकटी जिजाआई. तिनं पुढे होऊन काडतूस उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"आई, टाक ते!" सुदाम जमिनीवरूनच ओरडला.

"काही होत नाही त्याला," ती म्हणाली, आणि तिनं ते सुभेदारांच्या हातात दिलं.

सुभेदारांनी उठून धूळ झटकली, आपण मुद्दाम आडवे झालो, तसा नियमच आहे असं सांगितलं आणि काडतुसाचं बूड निरखलं. "जिवंत आहे. टोपीवर ओरखडासुद्धा नाही." मग त्यांनी खटका काढून त्याच्या पोटात पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. "अरे! पिन कुठाय?"

"कसली पिन?"

"फायरिंग पिन! आत पिनच नाही! मागचा दट्ट्या नुसता शोभेला बसवलाय!"

सगळी आळी धूळ झटकत जवळ आली. ज्या रायफलीच्या धाकानं तीन पिढ्यांनी दुसऱ्याच्या बागेतला चिकू खाल्ला नाही, ती नुसतं लाकूड आणि लोखंड? कुंपणापलीकडच्या एका म्हाताऱ्याला तर रडूच यायचं राहिलं. पण खरा घाव पुढेच होता. दुमाडांनी वही मिटली.

"बारीभाऊ, ही मला घेता येणार नाही. परवान्यावर पूर्ण रायफल आहे. हत्याराचा भाग गहाळ, म्हणजे कोणाला दिला, कोणाला विकला? हा तर आणखी मोठा गुन्हा. संध्याकाळपर्यंत पिन आणा, नाहीतर साहेबांना कळवावं लागेल."

आगीतून निघून फुफाट्यात! सुदामला आपल्या जागी ऑफिसात दुसराच कोणी बसलेला दिसायला लागला. "अहो पण ती दिसते तरी कशी?"

सुभेदारांनी हातानं दाखवलं. "वीतभर लांब. पुढं निमुळती, टोकाला गुळगुळीत. मागच्या बाजूला आटे."

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या संगिताचा हात थबकला. "मागं आटे?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे... नाडी बांधली की निसटत नाही, तसले?"

बागेत चिकू पडला तो ओटीवर ऐकू आला. सगळ्यांनी वळून जिजाआईकडे पाहिलं. जिजाआई पुन्हा तांदूळ निवडायला बसली होती.

"आई," सुदाम म्हणाला. "ती... मामानं दिलेली..."

"हो, तीच," ती म्हणाली. "पण घरात नाहीये. दक्षानं नेलीय."

दक्षा ही चिमणभाईची सून. दुमाडा, सुभेदार, सुदाम आणि मागून आळी, अशी वरात चिमणभाईच्या घरी गेली. दक्षा म्हणाली, मी तर काल मागच्या घरी दिली. मागच्या घरानं ती पुढच्या वळणावर दिली होती. सरकारी कागदावर 'हत्याराचा प्रमुख भाग' म्हणून नोंदलेली वस्तू नरपडच्या घराघरांतल्या परकरांमधून गेली कित्येक वर्षं बिनपरवाना हिंडत होती, हे लक्षात आल्यावर दुमाडांना घाम फुटला. शेवटी एका दोरीवर वाळत घातलेल्या जांभळ्या परकरात ती सापडली, नेफ्यात अर्ध्यावर अडकलेली. ओढून निघेना. दुमाडांनी ती परकरासकट ताब्यात घेतली. परकराची मालकीण नेसूच्या परकराला धरून चौकीपर्यंत त्यांना शिव्या देत आली, आणि तिच्या मागून जिजाआई.

चौकीवर साहेबांनी रायफल पाहिली, काडतूस पाहिलं, परकर पाहिला आणि पुन्हा एकदा परकर पाहिला. सुभेदारांनी सळई सोडवली, तिला तेल लावलं, स्प्रिंगमध्ये घातली आणि आटे फिरवून बसवली. इतकी वर्षं नाड्या ओवून ती अशी लखलखत होती की फौजेतसुद्धा कोणी इतकी जपली नसेल, असं ते म्हणाले.

"चालते का बघा," साहेब म्हणाले. "म्हणजे पावतीवर तसं लिहू. रिकामीच आहे. वारस कोण? तुम्हीच ओढा चाप."

सुदामच्या हातात रायफल आली. त्याची बोबडी वळली होती, पण साहेबांसमोर, हवालदारांसमोर आणि जांभळ्या परकराच्या मालकिणीसमोर आता माघार कशी घेणार? त्यानं वाळूच्या बादलीकडे नळी केली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टक्!

मागे काहीतरी धप्पकन बसल्याचा आवाज झाला. वळून बघतो तर जिजाआई बाकावर बसलेली, दोन्ही हात छातीवर, चेहरा पांढराफटक. सुदाम रायफल सुभेदारांच्या हातात कोंबून धावला. कोणीतरी पाणी आणलं. ती एक घोट प्याली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "तस्साच आवाज. अगदी तसाच झाला होता."

"कधी, आई?"

"तू सात वर्षांचा होतास. दसरा होता. पूजा झाली आणि हे सोनं वाटायला बाहेर गेले. तू ती पाटावरून उचललीस, कशी उचललीस देव जाणे, आणि माझ्यावर धरलीस. मी पुरण वाटत होते. हसलेसुद्धा मी. आणि तू चाप ओढलास."

सुदामला काही आठवत नव्हतं. पण त्या टक् आवाजानं त्याच्या अंगावर तोच जुना काटा आला होता, आणि तो आता जाईना.

"त्याच्या आदल्या दिवाळीत यांचं आणि यांच्या भावाचं कुंपणावरून भांडण झालं," ती सांगू लागली. "हे रायफल घेऊन धावले. मी पाय धरले म्हणून थांबले. भाऊबीजेला तुक्या आला, तो लेथवर कामाला होता. विचारलं, काय घालू ओवाळणीत? म्हटलं, साडी नको, पैसे नको, त्या मेलीचा जीव काढून दे. त्यानं काढून दिला आणि बाकीचं होतं तसं बसवून ठेवलं. म्हटलं, मग टाकायची कशाला, नाड्यांना होईल."

"आणि अण्णा?"

"तो टक् आवाज दारातून ऐकला त्यांनी. धावत आले. तुझ्या हातातून काढून घेतली, खटका उघडून बघितलं. आत काडतूस होतं, जिवंत. तसाच बंद केला. मग माझ्याकडे बघितलं. मी सळई दाखवली. एक शब्द बोलले नाहीत रे. त्या रात्री जेवले नाहीत. त्यानंतर खटक्याला हात म्हणून लावला नाही मरेपर्यंत. लोकांना मात्र सांगायचे, भरलेली आहे."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. दुमाडांनी पावती लिहिली: रायफल एक, काडतूस एक, चालू स्थितीत. जिजाआईनं विचारलं, निवडणूक झाल्यावर सळई तेवढी परत मिळेल का? दुमाडा अदबीनं म्हणाले, आई, सुटी मिळणार नाही, घ्यायची तर सगळी रायफल घ्यावी लागेल. "मग राहू दे," ती म्हणाली. "तुमच्याकडेच असू दे तो ऐवज."

दसरा आला. पाटावर कोयता, विळी, खुरपं होतं आणि मधली जागा रिकामी. सुदामनं त्या रिकाम्या जागेला हळदकुंकू वाहिलं. मग आपट्याची पानं घेतली, बाहेर जायच्या आधी आईच्या हातात सोनं ठेवलं आणि वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं. टेकलं ते वर येईना. एक्कावन्न वर्षांचा हेडक्लार्क तिथंच हमसून हमसून रडायला लागला. चिमणभाई सोनं द्यायला आला होता, तो दारातच उभा राहिला.

जिजाआईनं थोडा वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "ऊठ रे बाबा आता. लेंग्याची नाडी तुटली, तर ओवायला घरात सळई नाही."